केळं धरा, इकडे बघा

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पुढाऱ्याचा वाढदिवस त्याच्या घरच्यांच्या आधी सरकारी दवाखान्याला कळतो. सकाळी आठला वॉर्डाची फरशी दुसऱ्यांदा पुसली जाते, खाटांवर चादरी चढतात. ज्या पेशंटला तीन दिवस ‘चादर धुवायला गेलीय’ एवढं एकच उत्तर मिळत होतं, त्याला आज परीट कसा काय पावला हे समजत नाही. दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू होतो. वीस-पंचवीस माणसं चपला-बुटांसकट आत शिरतात. सोबत केळ्यांचे दोन क्रेट, सफरचंदांची एक पेटी आणि एक फोटोग्राफर. बिस्किटांचे पुडेही असतील तर भाऊंना यंदा तिकिटाची आशा आहे असं समजावं.

फळवाटपाला शास्त्र असतं. केळं एक, हात सहा. पहिला हात भाऊंचा, दुसरा तालुकाध्यक्षांचा, बाकीचे ज्याच्या त्याच्या लांबीप्रमाणे. सहाही जणांच्या माना कॅमेऱ्याकडे. खाटेवरच्या म्हातारीला सूचना मिळते, “आजी, उजव्या हातानं घ्या न.” आजीच्या उजव्या हाताला सलाईन. “मंग डाव्यानं घ्या, पन इकडं पाहा.” शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं दुपारी ऑपरेशन, म्हणून तो रात्रीपासून उपाशी. त्याच्या हाती दोन केळी. पलीकडच्याची शुगर चारशेला टेकलेली. त्यालाही दोन, शिवाय वरून एक चिकू. मंडळी बाहेर पडली की सिस्टर प्रत्येक खाटेपाशी जाऊन ‘कोणी खाल्लं नाही ना’ हे तपासते. सालं मावशी उचलते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: विविध सामाजिक उपक्रमांनी वाढदिवस साजरा.

रक्तदान शिबिराला मी नावं ठेवणार नाही. वाढदिवसाच्या सगळ्या कार्यक्रमांत कोणाच्या तरी खरोखर कामी येणारा तो एकच. पण तिथेही भाऊंच्या जन्मतारखेपुढे वैद्यकशास्त्राचं काही चालत नाही. रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. एका दिवसात पाचशे पिशव्यांचा विक्रम होतो. मग मे महिन्यात कॉलेजं बंद, लग्नं चालू, रक्तपेढीचं कपाट रिकामं. थॅलेसिमियाच्या पोराला दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला या विक्रमाचं काय? पुढाऱ्यांनी जन्म घेताना महिने आपसात वाटून घेतले असते तर बरं झालं असतं.

आता हे सगळं महाराष्ट्रभर चालतं, मग बुलडाणा जिल्ह्यालाच का बोल लावायचा? कारण सेवा कशाला म्हणतात हे या जिल्ह्याला पक्कं ठाऊक आहे. इथल्या माणसाला ते शिकवायला बाहेरून कोणी यायला नको.

शेगावला जाऊन बघा. गजानन महाराज संस्थानात सेवाधारी व्हायचं तर मनात आलं आणि उद्या जाऊन उभं राहिलं, असं होत नाही. नंबर लागावा लागतो. गावोगावची माणसं आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतात. पाळी आली की पांढरे कपडे घालून हजर. पगार नाही. काम कोणतं मिळावं यावर हट्ट नाही. गावाकडे ज्याच्यापुढे पोरं चळाचळा कापतात तो मास्तर इथे लोकांच्या चपला सांभाळतो. घरी स्वतःचं ताट न उचलणारा दुकानदार इथे शंभर जणांची उष्टी उचलतो. रांग हलवायची तर आवाज चढवायचा नाही, हात जोडून ‘माउली, पुढे चला’ म्हणायचं. शिवशंकरभाऊ पाटलांनी ही शिस्त बसवली. ४ ऑगस्ट २०२१ रोजी भाऊ गेले, शिस्त शाबूत आहे. (या जिल्ह्यात भाऊ पुष्कळ झाले. नुसतं ‘भाऊ’ म्हटल्यावर कोण ते सगळ्यांना कळावं, असे फार थोडे.) संस्थान दवाखाने चालवतं, सातपुड्यातल्या आदिवासी गावांसाठी फिरता दवाखानाही पाठवतं.

तिकडे मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम. विवेकानंद जयंतीच्या पंगतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात, आणि एवढ्या गर्दीत कोणी उपाशी उठत नाही. तो आश्रम उभा करणारे शुकदास महाराज स्वतः रोग्यांना तपासून औषध देत. चिखलीजवळ पळसखेड सपकाळला पालवे दाम्पत्य रस्त्यावरचे बेवारस मनोरुग्ण उचलून आणतं, त्यांना आंघोळ घालतं, जटा कापतं, जेवू घालतं. म्हणजे देव आणि माणूस, दोन्हीकडची सेवा या मातीत आहे.

मग मला एक कोडं पडतं. शेगावात सांडलेला भात वाकून हातानं गोळा करणारा हाच माणूस सासऱ्याला घेऊन सरकारी दवाखान्यात आला की जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी कशी मारतो?

‘तिथे महाराज बघतात, इथे कोण बघतंय’ हे उत्तर सोपं आहे, म्हणून लोकप्रियही आहे. मला ते पटत नाही. शेगावात त्याच्या हाती कोणीतरी झाडू दिलेला असतो आणि ‘इथपासून तिथपर्यंत’ असं सांगितलेलं असतं. दवाखान्यात त्याला कोणी काही देत नाही. तिथे त्याला फक्त ‘बाजूला व्हा’ म्हणतात. दिवसभर बाजूला होत राहिलेला माणूस संध्याकाळपर्यंत थुंकायला लागतो.

बरं, ही मोकळी जागा मोकळी राहत नाही. तिथे रुग्णसेवक उगवतो. रुग्णमित्र, आरोग्यदूत, रुग्णसेवासम्राट अशा त्याच्या चढत्या पदव्या. यातले काही खरंच रात्री-अपरात्री धावणारे आहेत, त्यांना सोडून बोलतोय. बाकीच्यांची कामाची पद्धत ठरलेली. दवाखान्यात शिरताना फोन कपाळाच्या उंचीवर धरलेला. “डॉक्टर, नाव सांगा तुमचं, लाइव्ह चालू आहे.” पाच मिनिटांत त्याच्या ओळखीच्या पेशंटला खाट मिळते. ती कोणाला उठवून मिळाली हे लाइव्हमध्ये दिसत नाही. शेगावचा सेवाधारी रांग सरळ करायला उभा असतो, आपला आरोग्यदूत रांग मोडायला. आणि मग डॉक्टर मंडळींना मदतीला आलेल्या कुठल्याही माणसाचा धसका बसतो, त्यात खऱ्या मदतनिसाचंही मरण होतं.

आरोग्यदूत हे नाव फ्लेक्सवर चढण्याआधी कुठे होतं, तेही सांगतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्या बायका म्हणजे आरोग्यदूत. बाळाचं वजन, अंगाचा ताप, श्वास मोजणं, न्यूमोनिया ओळखणं हे सगळं त्या करत. त्याचे निकाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले होते. पुढे सरकारने तीच पद्धत देशभर नेली आणि आशाताईंच्या गळ्यात घातली. गडचिरोलीच्या त्या बायकांपैकी कोणाचाही फ्लेक्स माझ्या पाहण्यात नाही.

आता आशाताईंकडे येऊ, कारण स्वयंसेवेचा विषय काढून त्यांना टाळता येत नाही. सरकारदरबारी त्या स्वयंसेविका आहेत. रजा मागितली, पेन्शनचं विचारलं की स्वयंसेविका. आकडे हवे असले की कर्मचारी. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. सहा भेटी मिळून २५० रुपये. भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. घाटावरच्या चिखलीत असो की घाटाखालच्या नांदुऱ्यात, एवढ्या पैशात कुठला मिस्त्री नळाची तोटी बघायलाही येणार नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या, तेव्हा कुठे महिन्याला ५ हजारांच्या वाढीचा कागद निघाला. गौरव आपोआप झाला, कागदासाठी मात्र मैदानात बसावं लागलं.

जानेवारी २०२५ आठवा. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळायला लागले. दिल्लीहून पथकं आली, चॅनेलं आली, पुढारी आले. पाणी तपासलं, रक्त तपासलं, गव्हातल्या सेलेनियमवर वाद झाले. सगळे आले आणि गेले. कोणत्या घरात कोणाचं डोकं कालपर्यंत धड होतं याची घरोघर मोजदाद करायला कोण होतं? आरोग्य खात्याची खालची फळी. आणि टक्कल पडलेल्या पोरीशी लग्नाबद्दल एक शब्द न काढता बोलायचं अवघड काम कोणाच्या वाट्याला आलं असेल, त्याची कल्पना करा. त्याचा दर मोबदल्याच्या तक्त्यात नाही.

सातपुड्यात, जळगाव जामोदच्या वर, भिंगारा-गोमालच्या बाजूला तर स्वयंसेवा खांद्यावरच असते. रस्ता नाही, म्हणून आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणायचं. दोन जण दांडा धरतात, दोन जण पाळी बदलायला सोबत चालतात. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हणत नाही आणि त्यांनी कुठला फॉर्म भरलेला नसतो. शहाण्यांनी मात्र अशा झोळीचा फोटो बघून ‘माणुसकी अजून जिवंत आहे’ असं लिहू नये. ती झोळी रस्त्याच्या ठेकेदाराची आहे.

म्हणजे कामाची माणसं आहेत, सेवेची सवय आहे, नंबर लावून थांबायची तयारीही आहे. नाही ते फक्त दवाखान्याचं दार. तसं कागदावर तेही आहे, रुग्ण कल्याण समिती नावाचं. ही कल्पना इंदूरची. १९९४ साली सुरतेत प्लेग आला तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. प्रशासन आणि शहरातले लोक कामाला लागले, रुग्णालय रिकामं करून धुऊन काढलं, उंदीर मारले. त्यातून समिती जन्मली, आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती देशभर पसरली. उंदीर मारण्यासाठी जन्मलेली समिती आता इतिवृत्त लिहिते. चहा होतो, मागील सभेचं इतिवृत्त कायम होतं, आणि नंतर समितीत कोणाला घ्यायचं यावर खरी सभा होते.

एकदा सोमवारी सकाळी कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी उभे राहा. धोतर-टोपीतला एक म्हातारा, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत दहा वर्षांचे रिपोर्ट, एक्स-रे दुमडून कोंबलेला. खिडकीतून आवाज येतो, “आभा कार्ड आहे का? मोबाइलवर स्कॅन करा.” म्हातारा खिशातून मोबाइल काढतो. बटणांचा, रबर बँड लावलेला. मागून ढकलाढकली. कागद मिळतो, त्यावर ‘ओपीडी १४’. चौदा नंबर कुठे? पाटी आहे, पण वाचायचा चष्मा घरी. चौदामध्ये गेल्यावर कळतं आधी बीपी बघून या. बीपी झाल्यावर कळतं रक्ताची खिडकी बाराला बंद होते. बारा वाजून पाच मिनिटं झालेली. “उद्या या.” उद्या यायचं म्हणजे मोताळ्याच्या पलीकडून पुन्हा एसटी, पुन्हा एका माणसाची मजुरी बुडाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरही फुकट झाला. पैसे वाचले, फेरा तसाच.

या म्हाताऱ्याला डॉक्टर कमी पडला नाही, औषधही नाही. त्याला कमी पडला तो ‘बाबा, या माझ्यासंगं’ म्हणणारा एक माणूस. त्यासाठी डिग्री लागत नाही. चौदा नंबर कुठे आहे एवढं माहीत असलं की झालं.

असा माणूस फुकटात मिळेल का, असं विचारणाऱ्यांनी केरळकडे बघावं. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉक्टरांनी वेदनाशमनाचं एक छोटं केंद्र काढलं. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की बऱ्या न होणाऱ्या रुग्णाला डॉक्टर आठवड्यातून एकदा लागतो आणि माणूस रोज. मग २००१ च्या सुमाराला मलप्पुरम भागात शेजारपाजारच्या लोकांनाच शिकवून तयार केलं. विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी. आधी सोळा तासांचं शिक्षण, मग परिचारिकेच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, आणि आठवड्याला किमान दोन तास द्यायचे. जखम पुसायची, घरच्या बाईला तासभर झोपू द्यायचं, तिचा रेशनचा अर्ज भरायचा. २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचं धोरणच केलं. लक्षात घ्या, आधी शिक्षण आणि नंतर सेवा. आपल्याकडे आधी फोटो आणि नंतर काहीच नाही.

आणि तास म्हणाल तर ते आपल्याकडे पडून आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा करायची, हा १९६९ पासून चालत आलेल्या योजनेचा नियम. या तासांचं काय होतं? रॅली निघते. ‘झाडे लावा’ची घोषणा होते. गेल्या वर्षीच्या खड्ड्यात यंदाचं रोप लागतं. वहीत तास भरले जातात. जिल्ह्यातली कॉलेजं ज्या अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला नाव गाडगेबाबांचं. हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हातात घ्यायचा. त्यांच्या नावाने दादरला धर्मशाळा आहे, टाटा हॉस्पिटलात आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. आपल्या जिल्ह्यातून कॅन्सरचा पेशंट मुंबईला न्यायचा झाला की पहिला प्रश्न येतो तो ‘गाडगेबाबाच्या धर्मशाळेत जागा मिळेल का’ हा. कधीच शाळेत न गेलेल्या बाबांना हे कळलं होतं की पेशंटबरोबर आलेला माणूसही हाल सोसतो. बाबांच्या विद्यापीठाला ते एखाद्या परिपत्रकाने कळवायला हरकत नाही.

पेशंटबरोबरच्या माणसावरून आठवलं. रात्री कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या पोर्चमध्ये बघा, नातेवाईक ओळीने झोपलेले असतात. खाली अंथरलेलं असतं ते जुनं फ्लेक्स. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. गार फरशी आणि म्हातारीची पाठ यांच्या मध्ये भाऊ रात्रभर हसतमुखाने पडून असतात. पुढाऱ्यांकडून रुग्णसेवा होतच नाही असं कोणी म्हणू नये.

तर ती पोरं आणि ते १२० तास. बुलडाण्यात २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं, शंभर जागांचं. म्हणजे गर्दी वाढणार, खिडक्या वाढणार, आणि चौदा नंबर आणखी लांब जाणार. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी सकाळी नऊ ते एक, दहा पोरं-पोरी खिडकीपाशी उभ्या करा. आधी दोन दिवस शिकवा: कुठली खोली कुठे, रक्त कधी घेतात, महात्मा फुले योजनेला कोणते कागद लागतात, पेशंटचा आजार बाहेर बोलायचा नाही, फोन बॅगेत. काम पोरांनी निवडायचं नाही. कोणी व्हीलचेअर ढकलेल, कोणी अर्ज लिहील, कोणी ‘बाबा, इकडून’ म्हणत चौदा नंबरपर्यंत दहा खेपा घालेल. शेगावचे चार जुने सेवाधारी एका रविवारी बोलावले तर आवाज न चढवता रांग कशी हलवायची हेही शिकवून जातील, मानधन न घेता.

खर्च म्हणाल तर एक वही, एक टेबल, आणि ‘तू इथं उभा राहा, तिथं लुडबुडू नको’ असं ठणकावून सांगणारी एक खमकी सिस्टर. सिस्टर प्रत्येक दवाखान्यात आहेच. वही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. टेबलासाठी मात्र निविदा काढू नका, नाहीतर पोरं पदवी घेऊन पुण्याला निघून जातील आणि निविदा अजून तुलनात्मक तक्त्यावरच असेल.